मुलाला मोठ्या शिकारीला नेताना

मुलाला मोठ्या जनावरांच्या शिकारीला कोणत्या वयात न्यावे, असे पालक विचारतात तेव्हा त्यांना बहुधा एखादा आकडा हवा असतो. कायद्यापुरते पाहिले तर आकडे आहेतच. नॉर्वेमध्ये मोठ्या जनावराची शिकार स्वतंत्रपणे करण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि सोळाव्या वर्षापासून जाणत्या शिकाऱ्याच्या देखरेखीखाली शिकाऊ म्हणून जाता येते. जर्मनीत १६ व्या वर्षी किशोरांसाठीचा परवाना मिळतो, पण सोबत प्रौढ शिकारी असावाच लागतो. टेक्सासमध्ये किमान वयाची अटच नाही. मात्र शिकारीच्या शिक्षणाचे प्रमाणपत्र ९ वर्षांच्या आधी मिळत नाही, आणि तोवर मुलाने परवानाधारक प्रौढासोबतच जायचे असते. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे हे लिखाण जिथे परवान्याने आणि ठरलेल्या हंगामात शिकार करता येते अशा देशांत राहणाऱ्या किंवा तिथे जाणाऱ्या पालकांसाठीच आहे.

कायद्याने परवानगी दिली म्हणून मूल तयार झाले असे मात्र होत नाही. माझ्या मुलीला मी पहिल्यांदा नामिबियात नेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि शिकारीसाठी तिच्या हाती रायफल दिली ती त्यानंतर चौथ्या वर्षी. या चार वर्षांत मी जे शिकलो त्याचे सार असे की मोहिमेचा वेग मुलाच्या पावलांनी ठरायला हवा, आणि नेम धरून झाल्यावरसुद्धा ‘मला नको’ म्हणण्याची मोकळीक त्याला असायला हवी. पुढे जे सांगितले आहे ते सगळे या मोकळिकीला सांभाळण्यासाठीच आहे.

मूल तयार आहे का, हे कसे ओळखावे

पहिली कसोटी स्थिर बसण्याची आहे. अर्धा तास न बोलता, न चुळबुळता एका जागी बसून समोरच्या झाडीकडे पाहणे ज्या मुलाला जमते, त्याला रानातला दिवस जड जात नाही. दुसरी कसोटी आज्ञेची आहे. ‘थांब’ म्हटल्यावर पहिल्याच शब्दाला, पाऊल हवेत असतानासुद्धा, ते थांबते का? वाटेत साप असो की पुढच्या माणसाच्या खांद्यावरची भरलेली बंदूक असो, दुसऱ्यांदा सांगायला वेळ मिळेलच असे नाही.

तिसरी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मूल स्वतःची चूक कबूल करते का? गोळी जरा मागे लागली, चाप ओढताना डोळे मिटले गेले, सेफ्टी (चाप अडवणारी कळ) लावायची राहिली, हे जे मूल तत्क्षणी सांगते त्याच्या हाती बंदूक देता येते. रागावण्याच्या भीतीने जे मूल गप्प बसते त्याच्या चुकीमुळे एखादे जनावर दिवसभर वेदना सोसत फिरू शकते किंवा माणसाचा जीव जाऊ शकतो. अशा मुलाला शिकारीला नेण्याआधी पालकाने स्वतःचे रागावणे तपासून पाहिलेले बरे.

शेवटी, ही हौस नक्की कोणाची आहे याची खात्री करून घ्यावी. काका, आजोबा, चुलत भावंडे यांच्यासमोर विचारले तर मूल ‘हो’च म्हणते. एकटे असताना, दुसऱ्या कुठल्या तरी कामाच्या निमित्ताने विचारावे आणि उत्तर येईपर्यंत आपण बोलू नये.

पहिली मोहीम बंदुकीविना

पहिल्या मोहिमेत मुलाच्या गळ्यात दुर्बीण असावी, हातात बंदूक नसावी. त्याने पाहावे, माग ओळखायला शिकावे, वारा कुठून येतो ते सांगावे आणि एखादे जनावर पडताना जवळून पाहावे. मृत्यू कसा असतो हे त्याला आधी कळावे आणि तो आपल्या हातून घडवायचा की नाही हे त्याने मग ठरवावे, हाच क्रम योग्य आहे. उलट क्रमाने गेलेली मुले पुढे बंदुकीला हातही लावत नाहीत, किंवा ज्याची चिंता वाटावी इतकी निबर होतात. दोन्ही मी पाहिले आहे.

त्या पहिल्या खेपेला मी कुडूचा, म्हणजे एका मोठ्या आफ्रिकी हरणवर्गीय जनावराचा, एक नर मारला. आम्ही जवळ गेलो तेव्हा माझी मुलगी त्याच्या डोक्याशी उकिडवी बसली आणि बराच वेळ तिने त्याचा कान बोटांत धरून ठेवला. कुडूचा कान मोठा आणि पातळ असतो. त्याच्या आतल्या बाजूला, जिथे केस विरळ होतात तिथे, राखाडी रंगाची एक गोचीड चिकटलेली होती आणि तिचे पाय अजून हलत होते. ‘बाबा, हिला अजून कळलं नाही का?’ असे तिने विचारले. मी कळले नसेल म्हणालो. मग तिने विचारले की कुडूला कळले होते का. माझी गोळी फुप्फुसांतून आरपार गेली होती आणि तो साठेक पावले धावून पडला होता, त्यामुळे काही क्षण तरी त्याला नक्कीच कळले असणार, आणि तेच मी तिला सांगितले. मुलांना अशा वेळी खोटे सांगू नये. त्या संध्याकाळी ती जेवली नाही, आणि मीही आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपणहून विचारले की आज आपण कुठल्या बाजूला जायचे.

जनावर, जागा आणि ऋतू

हत्ती, आफ्रिकन रानरेडा, सिंह, बिबट्या आणि अस्वल यांच्या शिकारीला मुलाला नेऊ नये, बघ्या म्हणूनसुद्धा नाही. जखमी रानरेडा दाट झाडीत दबा धरून अंगावर येतो तेव्हा मार्गदर्शकाला पूर्ण लक्ष त्याच्यावर ठेवावे लागते. मुलाला सांभाळायला तिथे कोणी मोकळे नसते. या एका बाबतीत तडजोड करू नये, समोरचा आयोजक कितीही अनुभवी असला तरी.

मुलासाठी योग्य सावज म्हणजे जे भरपूर संख्येने आहे, ज्याचे मांस खाल्ले जाते आणि जे मोकळ्या रानात शंभर मीटरच्या आत येऊ शकते. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातील इम्पाला आणि स्प्रिंगबॉक ही हरणवर्गीय जनावरे, वॉर्टहॉग हे रानडुक्कर, किंवा उत्तर अमेरिकेतील व्हाइटटेल हरणाची मादी ही चांगली उदाहरणे आहेत. मोठ्या शिंगांच्या नराचा हट्ट पहिल्या काही वर्षांत धरू नये, कारण शिंगे मोजायला लागले की वाट पाहणे वाढते, अंतर वाढते आणि घाईने चाप ओढण्याचा मोहही वाढतो. लहानशा कुंपणात सोडलेले पाळीव जनावर मारायला देणाऱ्या जागा काही देशांत आहेत; तिथे मुलाला अजिबात नेऊ नये. पळून जायला जागाच नसलेल्या जनावरावर गोळी झाडून मूल शिकार शिकत नाही.

आफ्रिका खंडाच्या त्या दक्षिण भागात मे ते ऑगस्ट हा कोरडा हिवाळा सर्वांत सोयीचा. गवत बसलेले असते, पानगळ झालेली असते, जनावरे पाणवठ्यावर येतात आणि डास कमी असतात. दक्षिण आफ्रिकेचा ईस्टर्न केप प्रांत हिवतापमुक्त आहे आणि मध्य नामिबियातही त्याची भीती नसल्यात जमा आहे. झांबिया, मोझांबिक किंवा टांझानियात तसे नाही. प्रतिबंधक औषधाची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे. उत्तर अमेरिकेच्या पर्वतांत एल्क या मोठ्या हरणाच्या मागावर जायचे असेल तर मुक्काम २५०० ते ३००० मीटर उंचीवर असू शकतो. तिथे पहिले दोन दिवस मुलाला नुसते फिरू द्यावे, चढ चढवू नये.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात: मुलाचा जन्मदाखला, आणि आई-वडिलांपैकी एकच जण सोबत असेल तर दुसऱ्याचे लेखी संमतीपत्र बरोबर ठेवावे. स्वतःची रायफल नेण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत तात्पुरत्या आयातीचा अर्ज भरावा लागतो. मुलासोबतच्या प्रवासात ती दगदग टाळून आयोजकाकडची रायफल वापरावी हे उत्तम, फक्त ती मुलाच्या मापाची आहे ना हे महिनाभर आधी विचारून घ्यावे.

आयोजकाला आणखी काही प्रश्न विचारावेत. यापूर्वी किती मुलांना नेले आहे? मुलाने ऐनवेळी नकार दिला तर तो दिवस कसा जातो? गोळी लागून जनावर निसटले तर शोध किती वेळ चालतो? दुसऱ्या प्रश्नाला जो हसतो त्याच्याकडे जाऊ नये. ज्याने आम्हाला नेले तो म्हणाला होता, ‘मग आपण पक्षी बघू.’ हे उत्तर ऐकूनच मी ठरवले.

रायफल आणि चांदमारी

मोठ्यांची रायफल मुलाला देऊन ‘जरा सांभाळून’ म्हणणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, लांब असला की मुलाची मान पुढे ताणली जाते, खांदा मागे पडतो, डोळा रायफलीवरच्या दुर्बिणीपासून नको तितका दूर राहतो किंवा मूल इतके पुढे सरकते की धक्क्याने दुर्बिणीची कडा भुवईवर आदळते. साधी परीक्षा अशी की कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक कोपराच्या खाचेत टेकवले असता तर्जनीचे पहिले पेर चापापर्यंत आरामात पोचले पाहिजे. दुसरी परीक्षा डोळ्यांची. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खुणेवर बोट रोखावे आणि एकेक डोळा मिटून पाहावे. जो डोळा उघडा असताना बोट खुणेवरच राहते तो प्रबळ डोळा. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रबळ असेल तर डाव्या खांद्यावरून शिकवणेच शेवटी सोपे जाते.

धक्क्याचा प्रश्न काडतुसापाशी सुटतो. सारख्याच वजनाच्या रायफलीत .२४३ विंचेस्टरचा धक्का .३०-०६ या मोठ्या काडतुसाच्या जवळजवळ निम्मा असतो, म्हणून मुलांसाठी त्याचीच शिफारस केली जाते, आणि स्प्रिंगबॉक किंवा इम्पालासाठी ते पुरते. मात्र इथे एक मेख आहे. नामिबियाच्या नियमानुसार गोळी नळीतून सुटताना स्प्रिंगबॉकसाठी किमान १३५० ज्यूल आणि कुडू किंवा ऑरिक्ससाठी किमान २७०० ज्यूल ऊर्जा लागते. .२४३ ची नेहमीची गोळी साधारण २६०० ज्यूलपाशी थांबते, त्यामुळे तिने कुडू मारणे तिथे नियमात बसत नाही. ७ मिमी-०८ रेमिंग्टन ही मर्यादा सहज ओलांडते आणि तिचा धक्का बारा-तेरा वर्षांच्या मुलाला झेपतो. थोड्या वजनदार रायफलीत तर अधिकच, कारण रायफल जितकी हलकी तितकी ती जोरात मागे येते. मुलांसाठी म्हणून विकली जाणारी पिसासारखी हलकी रायफल घेण्यापूर्वी याचा विचार करावा.

आवाज हा धक्क्याहून मोठा शत्रू आहे. रायफलीचा आवाज १५० डेसिबलच्या पुढे जातो, आणि मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली क्षणिक आवाजाची मर्यादा १२० डेसिबल आहे. एकच गोळी कानाचे कायमचे नुकसान करू शकते. चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, कानात बोळे आणि वरून इअरमफ अशी दुहेरी व्यवस्था असावी. रानात हळू बोलणे ऐकू येऊ देणारे आणि मोठा आवाज अडवणारे इलेक्ट्रॉनिक इअरमफ वापरावेत. दक्षिण आफ्रिकेत सायलेन्सर सर्रास वापरतात. त्याने धक्काही कमी होतो, पण सायलेन्सर आहे म्हणून कान उघडे ठेवायचे नाहीत.

सरावाची सुरुवात .२२ या लहान काडतुसाच्या रायफलीने करावी, आणि त्याही आधी काही आठवडे रिकाम्या रायफलीत नकली काडतूस घालून नुसता चाप ओढण्याचा सराव द्यावा. बंदूक नेहमी भरलेली आहे असेच समजायचे, नळी कधी कोणाकडे वळू द्यायची नाही, नेम पक्का होईपर्यंत बोट चापावर ठेवायचे नाही, आणि सावजाच्या मागे काय आहे हे पाहिल्याशिवाय गोळी झाडायची नाही, हे चार नियम मुलाने दुसऱ्या कोणाला शिकवता येतील इतके पक्के करावेत. .२२ ची एवढीशी गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, म्हणून टेकडीच्या माथ्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या जनावरावर कधीही गोळी झाडायची नाही. मोठ्या रायफलीने एका बैठकीत दहाहून अधिक गोळ्या मारू देऊ नयेत. त्यापुढे खांदा दुखतो, मूल बार होण्यापूर्वीच डोळे मिटायला लागते आणि ती सवय सुटायला महिने जातात. अधूनमधून त्याच्या नकळत नकली काडतूस भरावे. चाप ओढल्यावर बार झालाच नाही तरी नळी हलली, तर मूल धक्क्याला भिते आहे हे त्याला स्वतःलाच दिसते.

बाकावर टेकून मारलेल्या गोळ्या शिकारीत फारशा कामाला येत नाहीत. आफ्रिकेत बहुतेक वेळा तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर रायफल ठेवून उभ्याने नेम धरावा लागतो. त्याच स्थितीत, थोडे धावून दम लागल्यावर, ताटलीएवढ्या लक्ष्यावर पाचांपैकी पाच गोळ्या ज्या अंतरावरून लागतात तेवढेच त्या मुलाचे शिकारीचे अंतर. ते साठ मीटर आले तर साठच.

नेम कुठे धरायचा हे जनावराच्या चित्रांवर शिकवावे. जनावर पूर्ण आडवे उभे असताना हृदय आणि फुप्फुसे हे मर्मस्थान. उत्तर अमेरिकेत हरणाच्या पुढच्या पायाच्या किंचित मागे नेम धरायला शिकवतात. आफ्रिकी हरणवर्गीयांत मात्र हृदय अधिक पुढे आणि खाली, दोन खांद्यांच्या मध्ये असते, म्हणून तिथे पुढच्या पायाच्या रेषेतच वर जाऊन छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरायचा. हा फरक न शिकवल्यामुळे गोळी मागे पोटात लागते.

रानातला दिवस

पहिल्याच मोहिमेत मी एक चूक केली. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात मी मुलीला सकाळपासून अकरा किलोमीटर चालवले. ती काही बोलली नाही, मी थकलीस का म्हणून विचारले तेव्हाही नाही म्हणाली, आणि दुपारी एका काटेरी झाडाखाली बसून रडू लागली. पुढचे दोन दिवस आम्ही पाणवठ्याजवळच्या आडोशातून हललो नाही. मूल थकलो म्हणून सांगेल याची वाट पाहू नये. ते गप्प झाले, अडखळू लागले, दुर्बीण डोळ्याला लावेनासे झाले की परत फिरावे. एका दिवसात एक फेरी, सकाळची किंवा संध्याकाळची, एवढे पहिल्या वर्षी पुष्कळ झाले.

थंडीकडे अनेकांचे दुर्लक्ष होते, कारण आफ्रिका म्हटले की ऊन आठवते. जून-जुलैत मध्य नामिबियात पहाटे पारा शून्याखाली उतरू शकतो, आणि उघड्या गाडीच्या मागच्या बाकावर वाऱ्यात बसलेल्या मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर गार पडते. सुती कपडे अंगाशी नकोत. ते घामाने भिजले की थंडच राहतात. लोकरीचे किंवा सिंथेटिक कपड्यांचे दोन-तीन पातळ थर, कानटोपी, हातमोजे आणि गाडीत एक घोंगडी असावी. ऊन चढले की थर काढता येतात. बूट नवे कोरे नसावेत. पाणी आणि खाऊ मुलाच्या स्वतःच्या पिशवीत असावे म्हणजे मागण्याचा संकोच राहत नाही.

विजारीची टोके मोज्यांत खोचावीत आणि रोज रात्री कानामागे, काखेत, जांघेत आणि केसांत गोचिडी शोधाव्यात. परतल्यावर आठवडा-दहा दिवसांत ताप, डोकेदुखी आणि चाव्याच्या जागी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना प्रवासाबद्दल आवर्जून सांगावे. गोचीडतापावर चांगले उपचार आहेत, पण तो ओळखावा लागतो.

मुलाच्या गळ्यात शिट्टी असावी. चुकामूक झाली तर जागेवरच थांबायचे, झाडाला धरून बसायचे आणि तीन-तीन शिट्ट्या वाजवायच्या, हे निघण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष करून घ्यावे. जिथे भडक नारिंगी अंगरखा सक्तीचा आहे तिथे तो घालावाच, आणि जिथे नाही तिथेही मुलाला घालावा. हरणांना नारिंगी रंग आपल्यासारखा उठून दिसत नाही, माणसांना दिसतो. मचाणाऐवजी जमिनीवरचा आडोसा निवडावा. मचाणावरून पडून होणारे अपघात पुष्कळ आहेत. चढायचेच असेल तर अंगाला पट्टा बांधून, आणि बंदूक रिकामी करून मागाहून दोरीने वर ओढून घ्यावी.

मुलाला काम द्यावे. माझ्या मुलीकडे राखेची पुरचुंडी होती. दर थोड्या वेळाने ती चिमूटभर राख हवेत सोडे आणि ती कुठे जाते ते बोटाने दाखवी. त्यावरून मार्गदर्शक वळण घेई. माग काढणारा माणूस तिला ठशांची धार दाखवत असे. धार तीक्ष्ण असेल, तर ठसा आजचा. वाऱ्याने ती ढासळलेली असेल, त्यावर मुंगीची वाट उमटली असेल, तर कालचा. अशी कामे असली की सावज न दिसलेला दिवसही रिकामा जात नाही.

चाप ओढण्याचा क्षण, आणि न ओढण्याचा

मुलाच्या रायफलीत काडतूस मोठ्यांनीच द्यावे, तेही तिकाटण्यावर रायफल ठेवल्यावर आणि एकाच वेळी एकच. मोठ्यांनी मुलाच्या मागे, खांद्याला लागून उभे राहावे. कुजबुजत सूचनांचा मारा करू नये. नेम कुठे आहे हे त्याला सांगू द्यावे. ‘खांद्यावर, खालच्या भागात, मागे टेकडी आहे’ असे त्याने म्हटले की मग ‘तुला वाटेल तेव्हा’ एवढेच बोलावे. ‘मार, मार, जाईल ते’ हे शब्द तोंडातून कधीही निघू नयेत.

तेराव्या वर्षी माझ्या मुलीने पहिल्यांदा इम्पालावर नेम धरला तेव्हा अंतर सत्तर मीटर होते, वारा तोंडावर होता, मादी पूर्ण आडवी उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग तिने तर्जनी चापावरून उचलून बाजूला सरळ ठेवली, सेफ्टी लावली आणि मागे न बघता म्हणाली, ‘बाबा, आज नको.’ मार्गदर्शकाने काडतूस काढून घेतले आणि तिकाटणे मिटले. का, असे मी विचारले नाही. नापसंती शब्दांत नसली तरी चेहऱ्यावर दिसते, आणि मुले आपला चेहरा वाचतात. म्हणून अशा वेळी काय करायचे हे पालकाने घरून ठरवूनच निघावे. तिने पुढच्या वर्षी शिकार केली, एका गोळीत, पण तिने ती कधीच केली नसती तरी मी तिला तितक्याच आनंदाने पुन्हा नेले असते.

गोळी सुटल्यावर मोठ्यांनी लगेच दुसरे काडतूस द्यावे आणि मुलाने ते भरून नेम धरून ठेवायचा. जनावर निघून गेले तर ते कुठे उभे होते आणि कुठे दिसेनासे झाले या दोन जागा मुलाला दाखवायला सांगाव्यात, आणि मग थांबावे, निदान अर्धा तास. लगेच धावत गेल्यास जखमी जनावर उठून मैलभर जाते. फेसाळ, फिकट लाल रक्त फुप्फुसांचे असते, आणि जनावर बहुधा जवळच असते. रक्तात हिरवट घाण किंवा आंबूस वास असेल तर गोळी पोटात गेली आहे, आणि तिथे कित्येक तास थांबावे लागते. असे झाले तर मुलाला मुक्कामावर पाठवून देऊ नये. शोधात त्याला सोबत घ्यावे, अंधार पडला तर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा. ‘माझीही गोळी एकदा अशीच लागली होती’ हे खरे असेल तर त्या शोधात चालताना सांगावे.

मेलेल्या जनावराजवळ मागच्या बाजूने जावे, लांब काठीने डोळ्याला स्पर्श करावा. पापणी हलली नाही की रायफल रिकामी करावी. जर्मन शिकाऱ्यांत जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवण्याची जुनी रीत आहे, तिला ते शेवटचा घास म्हणतात. आपण कोणतीही रीत पाळली नाही तरी काही मिनिटे शांत उभे राहावे. मूल रडले तर रडू द्यावे, हसले तरी रागावू नये. ताण सुटला की काही मुले हसतात. रक्ताचा टिळा लावण्याचा आग्रह धरू नये. छायाचित्र काढायचे तर जीभ आत घालून, रक्त पुसून, जनावरावर न बसता काढावे, आणि ते कोणाला दाखवायचे हे मुलावर सोपवावे.

पोट फाडून आतडी काढण्याच्या कामात मुलाला जमेल तेवढेच सामील करून घ्यावे. हातमोजे घालून ते एक पाय धरू शकते, हृदय कुठे होते आणि गोळी कुठून गेली हे पाहू शकते. सुरी पहिल्या वर्षी मोठ्यांच्याच हाती असावी. मांसाबद्दल दोन गोष्टी पालकांनी नक्की जाणाव्यात. शिशाची गोळी शरीरात फुटते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून वीतभर आणि त्याहूनही दूर पसरतात. शिशाची कोणतीही मात्रा मुलांसाठी सुरक्षित मानली जात नाही, म्हणून शक्य असल्यास तांब्याची गोळी वापरावी, आणि नसल्यास जखमेभोवतीचे मांस सढळ हाताने कापून टाकावे. चांदमारीवरून आल्यावरही मुलाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. रानडुकराच्या आणि अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला हा सूक्ष्म कृमी असू शकतो. त्याच्या काही जाती गोठवूनही मरत नाहीत, तेव्हा मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापेल असे शिजवावे.

मुक्कामावर परतल्यावर रायफल पुसण्याचे काम मुलासोबत करावे, नळी रिकामी असल्याचे त्याने आधी पाहावे आणि मग आपण पाहावे. आमच्याकडे याच वेळी बोलणे होते. हात कामात आणि नजर नळीकडे असली की मूल दिवसभर मनात ठेवलेले प्रश्न विचारते, आणि त्यातला एखादा प्रश्न, जसा आमच्याकडे त्या गोचिडीचा होता, महिनोन्महिने परत परत येत राहतो.